झीज नेमकी कुठे होते?



घरातलं एखादं जुनं, रंगवलेलं लाकडी कपाट डोळ्यांसमोर आणा. त्याचा रंग सगळीकडे सारखा उडालेला नसतो. कडीभोवती रोज हात लागतो, तिथला रंग पार जाऊन लाकूड तुकतुकीत झालेलं असतं. तळाच्या फळीला वर्षानुवर्षं केरसुणी आणि ओलं फडकं लागलेलं, म्हणून तिथे पोपडे. कडा, कोपरे घासलेले. पण वरच्या नक्षीच्या खोबणीत पाहा, मूळ रंग जसाच्या तसा, वर फक्त धूळ. नव्या वस्तूला जुनेपण आणायचं, तर हा नकाशा आधी पाठ हवा. पुष्कळ जण इथेच चुकतात. कपाटभर सारखा पॉलिश पेपर फिरवतात, आणि ते जुनं दिसण्याऐवजी नुसतं खरवडलेलं दिसतं.

कोऱ्या लाकडावर आधी गडद रंगाचा हात मारा, तपकिरी किंवा कावेचा. तो वाळला की जिथे झीज दाखवायची तिथेच साधी मेणबत्ती घासा. त्यावर पाण्यातल्या फिकट रंगाचे दोन पातळ हात. मेणावर रंगाला पकड मिळत नाही, त्यामुळे वाळल्यावर पॉलिश पेपर हलकेच फिरवला की तेवढ्याच जागी वरचा थर सुटतो आणि खालचा गडद रंग डोकावतो. शेवटी गडद तपकिरी रंग पाण्यात अगदी पातळ करून सगळीकडे लावा आणि लगेच फडक्याने पुसा. सपाट भागावरून तो निघून जातो, खोबणीत राहतो. धूळही तिथेच साठते ना!

उन्हापावसात रंगाला पडणाऱ्या भेगा हव्या असतील, तर सरस वापरा. तळाच्या रंगावर सरसाचा थर द्यायचा, आणि तो चिकट असतानाच वरून पाण्यातला रंग लावायचा. त्या रंगातलं पाणी सरसात मुरतं, मग दोन्ही थर वाळताना आक्रसतात आणि वरचा रंग ताणला जाऊन फाटतो. थर जाड तर भेगा मोठ्या, पातळ तर बारीक. ब्रश मात्र एकदाच ओढायचा. भेगा पडू लागल्यावर पुन्हा त्याच जागी हात फिरवला, की सगळा लगदा होतो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. खरोखरच जुनं, तेलरंगाचं फर्निचर घासायला घेऊ नका. जुन्या तेलरंगांत शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाख भागांत 90 भाग ही मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या डब्यांत किती होतं, हे नुसतं पाहून ओळखता येत नाही. घासल्यावर उडणारी धूळ लहान मुलांच्या पोटात गेली, तर त्यांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. असा रंग तसाच राहू द्यावा. हौस भागवायला कोरं लाकूड आहेच.

आता भिंत. माझा जीव खरा चुन्याच्या भिंतीत अडकलेला आहे. विरवलेला चुना दुधाइतका पातळ करून ओलसर भिंतीवर लावला, की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा चुनखडी होतो, म्हणजे भिंतीवर दगडाचाच एक पापुद्रा चढतो. जुन्या वाड्यात पोपडा पडला की खाली निळा, त्याखाली पिवडीचा, त्याखाली कावेचा थर दिसतो. एकेक थर म्हणजे एकेका सणाआधीचं रंगकाम. तसं घरी करायचं, तर चुन्यात कालवलेला पिवडीचा थर वाळू द्या, वरून निळीचा द्या, आणि तो पुरता धरण्याआधी ओल्या गोणपाटाने मधेमधे पुसा. ऑइलपेंट किंवा प्लॅस्टिक पेंट मारलेल्या भिंतीवर चुना टिकत नाही. डोळ्यांना चष्मा आणि हातांना मोजे हवेतच, चुना भाजतो.

पण पुसायचं कुठे? भिंतीला विचारा. पलंगामागे डोक्याच्या उंचीवर तेलकट डाग. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांतून पावसाचा ओघळ. आणि देवघराच्या कोनाड्यावर समईची काजळी, ज्योतीच्या बरोब्बर वर सर्वांत गडद, आणि वर जाता जाता पसरून विरत गेलेली. कोळशाची पूड बोटावर घ्या आणि ती तिथेच, खालून वर, फिरवा.