परदेशी शिकलेला इंग्रजीचा मास्तर



परदेशात जाऊन इंग्रजी शिकविण्याचे शिक्षण घ्यावे काय, असा प्रश्न आमच्या कामगार वस्तीतील मुले-मुली अलीकडे विचारू लागली आहेत. मी कॉलेजची पायरी न चढलेला माणूस. इंग्रजी शिकलो ते कारखान्याच्या नोटिसा आणि कोर्टाचे निवाडे वाचता वाचता. तेव्हा भाषेवर मी बोलणार नाही. बोलणार आहे ते धंद्यावर आणि मजुरीवर.

प्रथम धंदा. जॉन हेक्राफ्ट व त्यांच्या पत्नी ब्रिटा यांनी १९५३ साली स्पेनमधील कोर्दोबा येथे इंग्रजीची शाळा काढली. १९५९ मध्ये लंडनला काढली. तेथे १९६२ साली शिक्षकांसाठी दोन आठवड्यांचा वर्ग सुरू झाला. आज ‘सेल्टा’ या नावाने जगभर चालणाऱ्या अभ्यासक्रमाचे मूळ ते. तो पुरा वेळ दिल्यास चार-पाच आठवड्यांत होतो. किमान १२० तासांपैकी सहा तास उमेदवाराने खऱ्या विद्यार्थ्यांपुढे उभे राहून शिकवायचे. मार्गदर्शक मागे बसून टिपणे करतो आणि तास संपला की अधिक-उणे तोंडावर सांगतो. परदेशातल्या वर्गात निरनिराळ्या भाषांची माणसे. भाषांतराची कुबडी नाही. चित्राने, हावभावाने, प्रश्नाने अर्थ पोहोचवायचा. मास्तराने कमी बोलायचे, विद्यार्थ्याला बोलके करायचे. लेथवर उस्तादाच्या नजरेखाली हात तयार होतो, तसाच हा प्रकार. इंग्रजी मातृभाषा असली म्हणजे माणूस आपोआप शिक्षक होत नाही, हेच यातून सिद्ध होते.

बाजाराची रीत मात्र उलटी. दक्षिण कोरियात या कामाचा व्हिसा देताना मुख्यतः सात इंग्रजीभाषी देशांचे नागरिकत्व पाहतात. प्रमाणपत्र एकच, पण एकाला दार उघडे, दुसऱ्याला बंद! जन्मावरून हाताची किंमत ठरविण्याची ही रीत आपल्याला का नवी आहे?

आणि ज्यांना दार उघडे, ते तरी सुखी आहेत काय? जपानमधील इंग्रजी संभाषणवर्गांची सर्वांत मोठी कंपनी ‘नोव्हा’ ऑक्टोबर २००७ मध्ये कोसळली. हजारो परदेशी शिक्षकांचे पगार थकले. घर कंपनीने दिलेले, म्हणून कित्येकांच्या डोक्यावरचे छप्परही धोक्यात आले. त्या वेळी प्रमाणपत्राने चूल पेटली नाही. कामगार संघटना पुढे आली. शिकवणीच्या बदल्यात जेवण अशी सोय तिने लावली.

म्हणून जाणाऱ्यांना माझे सांगणे इतकेच. शिका, अवश्य शिका. पण कर्ज काढण्यापूर्वी ज्या देशात नोकरी करायची, तेथील व्हिसाचा नियम वाचा. करारावर सही करण्यापूर्वी विचारा : पगार फक्त वर्गातल्या तासांचा, की तयारीच्याही? नोकरी गेली तर घर जाणार काय? पासपोर्ट स्वतःजवळच ठेवा. आणि पोहोचल्यावर तेथल्या शिक्षकांच्या संघटनेचा पत्ता आधी शोधा. खडू हातात धरणारा माणूसही मजूरच असतो. हे त्याला जितक्या लवकर उमगेल तितके बरे.