यंत्रामागचा हात

आमच्या अंधेरी-बोरिवलीकडच्या ओळखीच्या काही घरांत हल्ली ब्रेडचं यंत्र आलंय. रात्री कणीक, पाणी, मीठ, यीस्ट घालून बटण दाबायचं. सकाळी घरभर खरपूस वास. मात्र कणकेतला कोंडा ग्लुटेनचे धागे तोडतो, पाणीही जास्त पितो. म्हणून गव्हाचा ब्रेड मैद्याइतका फुगत नाही. त्याचं पीठ सैल हवं, विसावाही जास्त हवा.

या यंत्राची कथा ऐकण्यासारखी आहे. जपानच्या मात्सुशिता कंपनीचा ब्रेड सुरुवातीला बाहेरून करपे, आत कच्चा राही. तेव्हा इकुको तानाका ही त्यांची तंत्रज्ञ ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य बेकरकडे शिकायला गेली. तो पीठ नुसतं मळत नव्हता, ओढून पीळ देत होता. ती ओढ यंत्रात उतरली आणि १९८७ साली ते बाजारात आलं.

असे हात मुंबईत भट्टीपुढे रोज राबतात. मी कवितेचा माणूस, शब्दांत अडकतो. पाव पोर्तुगीज, मैदा फारसी, खमीर अरबी, खाणारा मराठी! जानेवारी २०२५मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅससारख्या स्वच्छ इंधनावर यायला सांगितलं. धूर जायलाच हवा. पण भट्टी बदलण्याचा खर्च छोट्या बेकरीला झेपला नाही, तर धुराबरोबर तो हातही जाईल. मग पुढचं यंत्र शिकणार कोणाकडून?