स्वभावाला औषध नसेल, वर्तनाला हद्द असावी



गृहनिर्माण संस्थांच्या पदाधिकाऱ्यांच्या या परिषदेची मी अध्यक्ष आहे. मी वकील आहे आणि मध्यस्थीचं काम करते. तुमची भांडणं बहुधा शेवटच्या मुक्कामाला माझ्याकडे येतात. पुनर्विकास, मानीव अभिहस्तांतरण, लेखापरीक्षण हे विषय दुपारच्या सत्रांत जाणकार मंडळी मांडणार आहेत. मी मात्र अशा विषयावर बोलणार आहे, जो कुठल्याही विषयपत्रिकेवर नसतो आणि प्रत्येक सभेला हजर असतो. तो म्हणजे आपल्या सोसायटीतला सतत भांडणारा सभासद.

तुम्ही हसलात. म्हणजे प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे एकेक चेहरा आला. कुणाचे बी विंगचे काका असतील, कुणाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडम. पण या हसण्यामागे त्रास आहे. चांगली माणसं सचिव व्हायला तयार होत नाहीत. 'कोण ती डोकेदुखी घेणार' म्हणून अंग काढून घेतात. विनावेतन काम करायचं, ऑफिसातून थकून यायचं आणि रात्री अकराला ग्रुपवर 'समितीने पैसे खाल्ले' हे वाचायचं, हे कुणाला हवं असतं?

अमेरिकेतले बिल एडी आधी मानसोपचाराचं काम करत होते, पुढे ते कौटुंबिक दाव्यांचे वकील आणि मध्यस्थ झाले. दोन्ही खुर्च्यांत बसल्यामुळे त्यांना एक सारखेपणा दिसला. काही माणसांच्या बाबतीत वाद कशाचा आहे याला फारसं महत्त्व उरत नाही. विषय बदलला, तरी वागण्याची रीत तीच राहते. एडींनी तिच्या चार खुणा सांगितल्या आहेत. सगळा दोष दुसऱ्या कुणा एकाच्या माथी मारणं. जग 'माझ्या बाजूचे' आणि 'माझ्याविरुद्धचे' अशा दोनच रकान्यांत मांडणं. भावनांना आवर न घालता येणं. आणि दहातले नऊ जण करणार नाहीत अशी टोकाची कृती करणं. यातली एखादी खूण तुमच्या-माझ्यातही रागाच्या भरात दिसते. चारही खुणा वर्षानुवर्षं दिसू लागल्या, पार्किंगपासून पाण्यापर्यंत प्रत्येक विषयात दिसू लागल्या, तर भांडण हा त्या माणसाचा स्वभाव झाला आहे असं समजायचं.

आता एक सावधगिरी. या खुणा ऐकून घरी गेल्यावर कुणाच्या कपाळावर चिठ्ठी चिकटवू नका. व्यक्तिमत्त्वविकाराचं निदान करणं हे मानसोपचारतज्ज्ञाचं काम आहे, व्यवस्थापक समितीचं नव्हे. एडीही हेच बजावतात. अशा माणसाला तोंडावर 'तुमच्या स्वभावातच खोट आहे' असं सांगितलं, की समजुतीची वाट बंद होते आणि दोष द्यायला त्याला नवा माणूस मिळतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. एकदा 'हा भांडकुदळ' असा शिक्का मारला की त्याची खरी तक्रारही आपण ऐकेनासे होतो. आणि त्याची तक्रार पुष्कळदा खरी असते.

जर्मन लेखक हाइन्रिश फॉन क्लाइस्ट याने १८१० साली 'मिखाएल कोलहास' ही दीर्घकथा लिहिली. सोळाव्या शतकातल्या एका खऱ्या माणसावरून ती बेतलेली आहे. कोलहास हा घोड्यांचा व्यापारी, सचोटीचा. एक उमराव त्याचे दोन घोडे अन्यायाने अडकवून ठेवतो आणि नांगराला जुंपून त्यांची हाडं काढतो. कोलहास रीतसर दाद मागतो. उमरावाचे नातेवाईक दरबारात असल्यामुळे अर्ज दाबला जातो. मग हा माणूस टोळी जमवून गावं जाळत सुटतो. शेवटी त्याला न्याय मिळतो. धष्टपुष्ट केलेले घोडे परत मिळतात आणि त्याच दिवशी त्याचं मुंडकंही उडवलं जातं. कोलहासने जे केलं त्याचं समर्थन कुणी करणार नाही. पण पहिला अर्ज कुणी धड वाचला असता, तर गोष्ट दोन घोड्यांवरच मिटली असती. आपल्या सोसायट्यांत कोलहास जन्मतातही आणि घडवलेही जातात. इतिवृत्ताची नक्कल मागितली की 'बघू', हिशेब मागितला की 'विश्वास नाही का?' आणि पत्र दिलं की पोच नाही. कायद्याने सभासदाला दिलेले हक्क आपण उपकार केल्यासारखे देतो.

ऑस्ट्रेलियात सरकारी तक्रार-निवारण कार्यालयांतल्या न थांबणाऱ्या तक्रारदारांचा अभ्यास झाला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. इतर तक्रारदारांना नुकसानभरपाई, दुरुस्ती किंवा माफी पुरेशी वाटत होती. या मंडळींना त्याहून अधिक हवं होतं. आपण खरे ठरलो हे जाहीर व्हावं आणि समोरच्याला शिक्षा व्हावी. अशा गोष्टी ती कार्यालयं देऊच शकत नव्हती, म्हणून तक्रार संपतच नव्हती. पुढे न्यू साउथ वेल्सच्या लोकपाल कार्यालयाने कर्मचाऱ्यांसाठी मार्गदर्शिका काढली, तेव्हा त्यांनी एक शहाणपणाचा निर्णय घेतला. 'अवघड तक्रारदार' असं माणसाचं वर्गीकरण न करता त्यांनी वर्तनाचं वर्गीकरण केलं. अवाजवी चिकाटी, अवाजवी मागण्या, असहकार, अतार्किक युक्तिवाद आणि गैरवर्तन. माणूस कसा आहे याचा निवाडा नाही. तो काय करतो आहे आणि त्यातलं किती चालवून घ्यायचं, एवढंच ठरवायचं. माझं आजचं सांगणंही तेच आहे. स्वभावाला औषध नाही असं आपण म्हणतो. नसेल. वर्तनाला हद्द मात्र घालता येते, आणि ती सगळ्यांना सारखी असेल तरच टिकते.

हे प्रत्यक्षात कसं करायचं? एक पत्र घेऊ. समजा, सर्वांत वरच्या मजल्यावरच्या सभासदाने सात पानी पत्र दिलं आहे. पहिल्या पानावर तुमच्या कारभाराची तुलना इंग्रजांच्या राजवटीशी. दुसऱ्यावर चार वर्षांपूर्वीच्या रंगकामाचं कंत्राट. पाचव्यावर खजिनदारांच्या नव्या गाडीचा उल्लेख. लाल शाईच्या अधोरेखा, तीन-तीन उद्गारचिन्हं, प्रती उपनिबंधकांपासून मुख्यमंत्र्यांपर्यंत. आणि सातव्या पानाच्या तळाशी तीन ओळी: गच्चीतून पाणी गळतं, बेडरूमच्या छताचं प्लास्टर पडलं, दुरुस्ती करावी.

आपले सचिव काय करतात? रात्री जागून चार पानी उत्तर लिहितात. 'आपले आरोप बिनबुडाचे असून आपण स्वतः बाल्कनी बंदिस्त केली आहे हे विसरू नये.' झालं! त्या माणसाला पुढच्या वीस पत्रांची सामग्री मिळाली, आणि गच्ची गळतेच आहे.

एडींनी अशा वेळी उत्तराचे चार निकष सांगितले आहेत. उत्तर थोडक्यात असावं, माहितीपुरतं असावं, सौजन्याचं असावं आणि ठाम असावं. ते असं होईल: 'आपले ५ जुलैचे पत्र मिळाले. छताचे प्लास्टर पडल्याने आपली गैरसोय झाली, याची समितीला जाणीव आहे. गच्चीतून होणाऱ्या पावसाच्या पाण्याच्या गळतीची व त्यामुळे बिघडलेल्या छताची दुरुस्ती उपविधीनुसार संस्थेच्या खर्चाने करावयाची आहे. रविवार, १२ जुलै रोजी सकाळी अकरा वाजता कंत्राटदारासह पाहणीस येत आहोत. पाहणीचा अहवाल व कामाची तारीख २० जुलैपर्यंत लेखी कळवू.' संपलं. खजिनदारांच्या गाडीबद्दल अवाक्षर नाही. हिशेबाबद्दल नेमका प्रश्न असता, तर कागद पाहायला दिवस आणि वेळ दिली असती. आरोपाला उत्तर देऊ नका, मागणीला द्या. आणि वीस तारीख लिहिली असेल, तर एकविसावी उजाडू देऊ नका.

दुसरा प्रसंग वार्षिक सभेचा. ३० सप्टेंबरच्या आत ती घ्यायची असते, म्हणून पावसाच्या दिवसांत, ओल्या छत्र्या भिंतीला टेकवून आपण बसतो. पहिलाच विषय मागील सभेचं इतिवृत्त कायम करणं. फाइल घेऊन ते गृहस्थ उठतात आणि पाऊण तास तिथेच जातो. चिवडा संपतो, मंडळी निघून जातात, अंदाजपत्रक तसंच राहतं. मी एका सभेला निरीक्षक म्हणून बसले होते. तिथल्या अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका. सुरुवातीलाच त्यांनी नियम वाचला: प्रत्येकाला प्रत्येक विषयावर तीन मिनिटं, समितीच्या सदस्यांनाही. तिथलेही असेच एक गृहस्थ बोलले, आवाज चढला. तीन मिनिटं होताच बाई म्हणाल्या, "तुमची हरकत मी लिहून घेतली आहे, वाचून दाखवते. चुकलं असेल तर सांगा." त्यांनी वाचलं. गृहस्थ म्हणाले, "'विलंब' नाही, 'अक्षम्य विलंब' लिहा." बाईंनी 'अक्षम्य' घातलं, पुन्हा वाचलं. ते बसले. त्यांना मतदानात हार मिळाली, पण आपलं म्हणणं कागदावर आल्याचा पुरावा मिळाला. एडी सहानुभूती, लक्ष आणि आदर या तीन गोष्टी सांगतात, त्या 'अक्षम्य' या एका विशेषणात मावल्या. सहानुभूती म्हणजे सहमती नव्हे, हे बाईंना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

भांडणाला खतपाणी घालणारा तिसरा पक्षही असतो, तो म्हणजे आपण बाकीचे. सभेत गप्प बसायचं आणि लिफ्टमध्ये गृहस्थांना म्हणायचं, "बरं झालं, तुम्ही बोललात." पुढच्या मजल्यावर सचिव भेटले की त्यांनाही म्हणायचं, "कसं हो सहन करता?" अर्धवट माहितीवर बाजू घेणारी ही मंडळी अशा माणसाचं बळ दुप्पट करतात. म्हणून ग्रुप सूचनांपुरता ठेवा, तक्रार लेखीच घ्या. ऐकीव गोष्ट पुढे ढकलण्याआधी दप्तर पाहा, ते सभासदाला पाहता येतं.

आणि हेही बोललं पाहिजे: असा माणूस समितीतही असतो. कधी अध्यक्षाच्याच खुर्चीत असतो. विरोधात मत दिलं की पाणी कमी, प्रश्न विचारला की नोटीस. त्याच्या भांडणाला संस्थेचं लेटरहेड आणि संस्थेचा वकील मिळतो, म्हणून तो साध्या सभासदापेक्षा घातक. त्याच्यावर उपायही तोच: निर्णय समितीच्या ठरावाने, पत्रावर दोघांच्या सह्या, नियम सर्वांना एकच.

एवढं करूनही काही जण थांबत नाहीत. तिथे ठामपणा हवा. एकाच मुद्द्यावर पूर्ण उत्तर दिल्यावर 'या विषयावर नवी माहिती आल्याशिवाय पत्रव्यवहार होणार नाही' असं लेखी कळवून विषय बंद करा. ज्याचा निवाडा तुमच्या हातात नाही, तो वाद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जाऊ द्या, त्यात अपमान मानू नका. धमकी, अंगावर जाणं, बायामाणसांना अपशब्द, वॉचमनला मारहाण हे स्वभावाच्या नावाखाली पोटात घालायचं नाही. तिथे पोलीस ठाणं. दाव्यांवर दावे लावून छळणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९७१ चा कायदा आहे. महाधिवक्त्यांच्या अर्जावरून उच्च न्यायालय अशा व्यक्तीला परवानगीशिवाय नवे दावे करण्यास मनाई करू शकतं. ही वाट लांबची आहे आणि ती लांबचीच असावी, कारण न्यायालयाचं दार कुणालाही सहज बंद होता कामा नये.

आपल्या राज्याने १५ ऑगस्ट २००७ रोजी, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. बांधाचा तंटा गावातच मिटावा म्हणून गावोगाव समित्या झाल्या. पन्नास बिऱ्हाडांच्या इमारतीला मात्र आपण तसं काही दिलेलं नाही. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात वस्तीतल्या शांततेला बाधा आणणाऱ्या तंट्यांसाठी सामुदायिक मध्यस्थीचं स्वतंत्र प्रकरण आहे. त्याचा आधार घेऊन या परिषदेने तीन ठराव करावेत, अशी माझी विनंती आहे. एक, तक्रारीची पोच, उत्तराची मुदत आणि विषय बंद करण्याची रीत यांचा नमुना-नियम तयार करून प्रत्येक संस्थेच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा. दोन, प्रत्येक प्रभागात प्रशिक्षित मध्यस्थांची यादी असावी, आणि मध्यस्थ त्या इमारतीतला नसावा. तीन, कुठल्याही सचिवाने असं प्रकरण एकट्याने हाताळू नये. पत्र दोघांनी वाचावं, भेटीला दोघांनी जावं.

यातून ते काका बदलणार नाहीत. पुढच्या वर्षीही ते फाइल घेऊन उठतील. पण अंदाजपत्रक त्याच सभेत मंजूर होईल, गच्ची पावसाळ्याआधी दुरुस्त होईल आणि पुढच्या निवडणुकीत सचिवपदासाठी एखादा तरुण सभासद आपणहून अर्ज भरेल. सहकाराला एवढं पुरेसं आहे. एकमेकांवर प्रेम असलं पाहिजे अशी अट आपल्या उपविधींत कुठेही नाही, एका छताखाली नियमाने राहण्याची आहे.