ढोलीतली बाळंतीण

मैत्रिणींनो, माघ-फाल्गुनात फाटी आणायला रानात जाल, तेव्हा जुन्या बेहड्याकडे जरा मान वर करून बघा. ढोलीचं तोंड लिंपलेलं नि बारीक फट उरलेली दिसली, तर आत धनेशाची मादी असेल. विष्ठेनं दार तीच बुजवून घेते. आत तिच्या पंखांची पिसं झडतात, उडता येत नाही. दोन-तीन महिने नर उंबर-वडाची फळं आणून फटीतून भरवतो. बाळंतिणीची खोलीच म्हणा ना!

पण खाली आपल्या गप्पा नि कोयता चालू असला, की तो लांबच्या झाडावर फळं घेऊन ताटकळतो. तेवढा वेळ मायलेकरं उपाशी. मीही तिथंच भारा बांधायचे, सावली दाट म्हणून. आता पुढच्या वळणावर बांधते. पोकळ झाड निकामी म्हणून तोडायला कुणी आलं, तर त्याला आधी ती ढोली दाखवा.