अल्पाका आणि आपली मेंढी



विषय आमच्या आवडीचा घ्यावा असे चालकांनी कळविले होते. पण तो सुचविला तुमच्याच गावच्या एका तरुणाने. त्याने मोबाईलवर एका जनावराचे चित्र दाखविले. मान उंटासारखी, अंग मेंढीसारखे. "हा अल्पाका. याची लोकर फार महाग जाते म्हणतात. आपल्या औंढ्यात पाळता येईल का?" त्या वेळी आम्ही उत्तर टाळले. ते आज देतो.

अल्पाका हे नाव येथील वडीलधाऱ्यांना नवे नाही. एके काळी वकील आणि मास्तर अल्पाकाचा काळा कोट मोठ्या रुबाबात घालीत. तो कोणत्या जनावराच्या अंगावरून आपल्या अंगावर आला, हे मात्र कोणी विचारीत नसे. हा प्राणी उंटाच्या कुळातला. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात, पेरू आणि बोलिव्हिया या देशांत, साडेतीन ते पाच हजार मीटर उंचीवर त्याचे खरे घर. त्याची कातरणी वर्षातून एकदा, आणि एका जनावरापासून दोन-तीन किलो लोकर मिळते. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत तिच्या अनेक छटा निसर्गतःच असतात. मेंढीच्या लोकरीत जो मेणचटपणा असतो तो हिच्यात जवळजवळ नाही. निगा राखावयाची ती अशी : नखे वेळच्या वेळी कापावी, खालचे दात फार वाढले तर घासावे, आणि त्याला कधी एकटे ठेवू नये. मादी साडेअकरा महिने गाभण राहते आणि बहुधा एकच पिलू देते. आता थंड हवेच्या या जनावराला होळीपासून मृगापर्यंतचे आपले ऊन कसे सोसावे? सावली, पाणी, वारा यांचा बंदोबस्त करून हौसेखातर एखादा पाळीलही. पण पोटासाठी पाळावयाचा तर उत्तर 'नाही' असेच आहे.

त्याची एक सवय मात्र सांगण्याजोगी आहे. सारा कळप ठरलेल्या एकाच जागी लेंड्या टाकतो. टापटीप म्हणून कौतुक करावे. पण आपल्या शेतकऱ्याने त्याला रानात बसविले तर खताचा ढीग एका कोपऱ्यात आणि बाकीचे रान कोरडे! आपली मेंढी एवढी नीटनेटकी नाही, हे आपले भाग्यच. रात्रभर कळप बसला की लेंडी आणि मूत साऱ्या वावरात पसरते. म्हणून तर शेतकरी धान्य किंवा पैसे देऊन मेंढ्या बसवून घेतो.

ही आपली दख्खनी मेंढी. काळी, करडी, कधी पांढरी. उन्हात चालणारी, कुसळावर भागविणारी. वर्षातून दोनदा कातरली तरी दोन्ही मिळून अर्ध्या किलोच्या आसपास लोकर देते, आणि तीही जाडीभरडी. कातरण्याआधी मेंढ्या ओढ्यात धुवून काढतात. पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस टोचून घेतली नाही, तर कोवळ्या चाऱ्यावर चांगली धष्टपुष्ट जनावरे पाहता पाहता पडतात. हे धनगरांना आम्ही शिकवावे असे नाही. शहाण्या शेतकऱ्यांनीही आपल्या चार मेंढ्यांसाठी ध्यानात ठेवावे म्हणून सांगतो.

या भरड लोकरीची घोंगडी होते. लोकर पिंजावयाची, बायकांनी सूत कातावयाचे, ताण्याला चिंचोक्याची खळ द्यावयाची आणि सनगराने मागावर विणावयाचे. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ; तिची घोंगडी मऊ, म्हणून महाग. बाकीची टोचते, हे खरे. पण ती टोचते म्हणून वाईट नव्हे. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा पिऊनही अंगाला ओली लागत नाही. भर पावसात घोंगडीची खोळ घेऊन उभा असलेला मेंढपाळ ऊब धरून असतो, ते यामुळे.

आता दुःखाची गोष्ट. अशी लोकर आज कोणी घेत नाही. यंत्रावरच्या स्वस्त चादरींनी घोंगडीचे गिऱ्हाईक नेले, आणि पुष्कळ ठिकाणी कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतीहून जास्त झाली. कातरलेली लोकर बांधावर टाकून कळप पुढे गेलेला आम्ही पाहिला आहे. म्हणून मेंढपाळ जत तालुक्यातील माडग्याळ जातीचे नर कळपात सोडू लागले. ती जात अंगाने मोठी, मांसाला चांगली, पण तिला लोकर थोडी. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीचा गुण दख्खनीत उतरवून जुळी देणारी मेंढी तयार केली. तेथेही हिशेब कोकरांचाच. धनगराला दोष कसा द्यावा? त्याला पोट आहे.

पण अल्पाकाच्या लोकरीचेही एकदा असेच झाले होते. १८३६ साली लिव्हरपूलच्या गुदामात तिच्या गासड्या गिऱ्हाईकावाचून पडून होत्या. ब्रॅडफर्डच्या टायटस सॉल्ट या कारखानदाराने त्या घेतल्या. त्याआधीही काहींनी खटपट केली होती. पण सुती ताणा आणि अल्पाकाचा बाणा हा मेळ त्याने बसविला आणि चमकदार कापड निघाले. १८५३ मध्ये त्याची प्रचंड गिरणी सुरू झाली, आणि तिच्याभोवती वसलेल्या गावाला सॉल्टेअर असे त्याचेच नाव मिळाले. जनावर तेच, लोकर तीच. फक्त ती कातणारा भेटला. आपल्या भरड लोकरीचा कोट होणार नाही, हे आम्ही जाणतो. पण तिचा नमदा होतो, बैठका होतात, जोडे होतात; आणि तिच्यात नत्र भरपूर असल्यामुळे टाकाऊ लोकर झाडाच्या आळ्यात घातली तर सावकाश कुजून खत होते. हे प्रयत्न ठिकठिकाणी चालू आहेत, थोडे आहेत. तोवर हा प्रश्न भिजत घोंगड्यासारखा पडून आहे.

ज्या औंढ्याच्या देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला असे आपण सांगतो, त्या गावात धनगराच्या धंद्याची वेगळी ओळख करून देण्याचे कारण नाही. त्या चौंडीच्या, धनगराच्याच घरच्या.

भगिनींपैकी एकीने मघाशी विचारले की घरी जुनी घोंगडी आहे, तिचे काय करावे. गार पाण्यात रिठ्याने धुवावी, पिळू नये, सावलीत पसरून वाळवावी. घडी करताना आत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा, म्हणजे कसर लागत नाही. आणि वर्षातून एकदा बाहेर काढून झटकावी.