शहराची स्मृती आणि अग्निशामक दल



शहराचा इतिहास म्हटला की राजे, किल्ले, देवालये आणि थोर पुरुष डोळ्यांसमोर येतात. एखादे गोदाम कोणत्या साली बांधले, त्याच्या भिंतींत काय भरले आहे, वरपर्यंत जिने किती, या गोष्टींना इतिहास असे कोणी म्हणत नाही. त्यांचे मोल अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या वूस्टर या शहराला फार उशिरा उमगले.

वूस्टर हे कारखानदारीवर वाढलेले मध्यम आकाराचे शहर. २००० सालच्या जनगणनेत तेथील लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती. जुन्याची आस्था तेथे उदंड. जुने ग्रंथ व वृत्तपत्रे जतन करणारी अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी मुद्रक आयझाया थॉमस यांच्या पुढाकाराने १८१२ साली तेथेच स्थापन झाली. त्याहीआधी, १७९३ साली, तेथील प्रतिष्ठित नागरिकांनी वूस्टर फायर सोसायटी काढली होती. सभासदांनी चामड्याच्या बादल्या आणि सामान वाचविण्यासाठी पिशव्या घरी सज्ज ठेवायच्या व हाक येताच धावायचे, असा त्या काळचा शिरस्ता. शेजाऱ्याचे घर शेजाऱ्याला आतून-बाहेरून ठाऊक असण्याचा तो काळ होता. पुढे शहर वाढले, पगारी दल आले, यंत्रे आली. ती ओळख मात्र मागे पडली.

फ्रँकलिन रस्त्यावर १९०६ साली बांधलेले शीतगृहाचे एक प्रचंड गोदाम होते. थंडावा टिकावा म्हणून त्याच्या जाड विटांच्या भिंतींना आतून बुचाच्या लाकडाचे व डांबराचे थर दिलेले होते. पुढे त्यांवर कृत्रिम फेसाचे थरही चढले. वरच्या मजल्यांना खिडक्या नव्हत्या. तळघरापासून गच्चीपर्यंत जाणारा जिना एकच. दहा वर्षांहून अधिक काळ ही वास्तू ओस पडलेली होती.

३ डिसेंबर १९९९ रोजी सायंकाळी ६ वाजून १३ मिनिटांनी आगीची पहिली वर्दी गेली. आत आसरा घेतलेल्या दोन बेघर व्यक्तींच्या हातून मेणबत्ती कलंडली होती. ते दोघे कोणालाही न कळविता निघून गेले होते. पण आत माणसे असतील, या समजुतीने पॉल ब्रदरटन आणि जेरेमाया ल्यूसी हे जवान त्यांच्या शोधार्थ वर गेले. धूर दाटला, दिशा हरपली, पाठीवरची हवा संपत आली. त्यांना आणण्यासाठी गेलेल्या सहकाऱ्यांपैकी टिमथी जॅक्सन, जेम्स लायन्स, जोसेफ मॅकगर्क आणि थॉमस स्पेन्सर हे चौघेही परतले नाहीत. जिन्याच्या तोंडाशी माइक मॅकनमी हे अधिकारी उभे होते. आणखी जवान आत शिरण्यासाठी अधीर झाले होते. मॅकनमी यांनी त्यांची वाट अडविली. यापुढे कोणीही वर जाणार नाही, असे निक्षून सांगितले. आत सहा सहकारी असताना असा आदेश देणे हे आत धावण्याहून कठीण धैर्य मानावे लागेल.

सहाही देह हाती लागेपर्यंत आठ दिवस गेले. ज्यांना वाचवायचे होते, ते दोघे आत नव्हतेच.

त्या सायंकाळी उणीव होती ती आतील रचनेच्या माहितीची, आणि ती कोणत्याही पंपाने भरून निघत नाही. शीतगृहात आयुष्य घालविलेले कामगार, तेथे माल ठेवणारे व्यापारी यांच्या स्मरणात ती रचना होती. पण त्यांना कधी कोणी विचारले नव्हते. आपल्याकडेही जुन्या पेठांतील वाडे, त्यांचे माळे, तळघरे व मागील बोळ घरातील वृद्धांनाच तोंडपाठ असतात. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकत्र होता. त्या स्फोटात अग्निशामक दलाचे ६६ जण कामी आले. तो दिवस भारतात अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. गोदामांच्या मालकांनी व विश्वस्तांनी त्या निमित्ताने आपल्या वास्तूचा नकाशा दलाच्या ठाण्यावर नेऊन दिल्यास तो दिवस हारतुऱ्यांपुरता उरणार नाही.

वूस्टरने दुर्घटनेनंतर ओसाड, धोकादायक इमारतींच्या दर्शनी भागावर लाल फलक लावण्यास आरंभ केला. त्यावरील पांढरी फुली पाहूनच आत शिरण्याचा धोका जवानांना कळू लागला. ल्यूसी यांचे आप्त, अभिनेते डेनिस लिअरी यांनी २००० साली अग्निशामक दलांना साहाय्य करणारा निधी उभारला. जळालेल्या गोदामाच्या जागी २००८ साली दलाचे नवे ठाणे उभे राहिले. सहा सहकाऱ्यांचे स्मारक तेथेच आहे, आणि वर्दी येताच बंब आता त्याच अंगणातून निघतात.