‘स्कूल’ म्हणजे सवड



हीरक महोत्सवाच्या मांडवात ‘शाळा’ हा शब्द आज असंख्य वेळा उच्चारला जाईल. त्याचा इंग्रजी जोडीदार ‘स्कूल’ मराठी घरांतही इतका रुळला आहे की, त्याचे मूळ शोधावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. शोधले तर मात्र विस्मय वाटतो.

प्राचीन ग्रीक भाषेत ‘स्खोले’ असा शब्द होता. वर्ग, गुरुजी, पाठांतर यांपैकी काहीही त्याच्या मूळ अर्थात नव्हते. त्याचा अर्थ होता सवड, कामाच्या धबडग्यातून लाभलेली उसंत. पुढे त्या सवडीत होणारी ज्ञानचर्चा, मग व्याख्यान आणि अखेर ते जेथे चालते ते स्थान, असा अर्थाचा प्रवास झाला. लॅटिनने हा शब्द ‘स्कोला’ या रूपात स्वीकारला. त्यातून फ्रेंच ‘एकोल’, जर्मन ‘शूले’ आणि इंग्रजी ‘स्कूल’ आले. ‘स्कॉलर’ आणि ‘स्कॉलरशिप’ ही त्याच कुळातली भावंडे. माशांच्या थव्यालाही इंग्रजीत ‘स्कूल’ म्हणतात. पण तो डच भाषेतून आलेला, समूह या अर्थाचा निराळा शब्द आहे. नाव एक, कूळ वेगळे.

कामधंद्याला ग्रीक लोक ‘अस्खोलिया’, म्हणजे सवडीचा अभाव, असे म्हणत. माणूस धावपळ करतो ती सवड मिळावी म्हणूनच, असे ॲरिस्टॉटलचे प्रतिपादन होते. ‘रिकामटेकडा’ हा शब्द दूषण म्हणून वापरणाऱ्या मराठी मनाला हे चटकन पटणार नाही. परंतु ही सवड आळसाची नव्हती. मन जागे ठेवून विचार करण्याची होती.

या शब्दाला एक काळी किनारही आहे. अथेन्समधील मोजक्या पुरुषांना ती सवड लाभे, कारण कष्टांचा भार गुलामांवर आणि स्त्रियांवर होता. म्हणूनच 1848 साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींसाठी उघडलेल्या शाळेचे मोल मोठे. चूल आणि पाणवठा यांत दिवस सरणाऱ्या मुलीच्या वाट्याला तेथे प्रथमच काही घटका स्वतःच्या आल्या. सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला शिक्षणाचा हक्क देणारा 2009 चा कायदाही, या दृष्टीने पाहता, बालपणाला मजुरीतून सवड मिळवून देणाराच आहे.

‘शाळा’ हा शब्द संस्कृत ‘शाला’वरून आला. शाला म्हणजे घर, निवारा. धर्मशाळा, गोशाळा, पाकशाळा हे त्याचेच सोयरे. एक शब्द छप्पर देतो, दुसरा सवड. दोन्ही लाभल्यावाचून मूल शिकत नाही.

परभाषक प्रदेशातील मराठी शाळा तर कोणाच्या तरी सवडीवरच उभी असते. नोकरी, संसार सांभाळून कोणी वर्गणी गोळा करतो, कोणी पुस्तके मागवतो, कोणी नाटक बसवतो. वडीलधाऱ्यांनी आपली सवड खर्चिली, तेव्हा मुलांना ती मिळाली.

आज छप्पर पक्के आहे. सवड मात्र आक्रसते आहे. शाळा, शिकवणी, सराव परीक्षा यांत मुलाचा दिवस संपतो आणि ‘हे असे का?’ असे विचारायला त्याच्यापाशी वेळ उरत नाही. पालकहो, संध्याकाळची एखादी घटका मुलांसाठी मोकळी राहू द्यावी. ‘स्कूल’ या शब्दाचा पहिला अर्थ तेवढाच आहे.